न कापलेला पाय

महिन्याच्या तीस तारखेला मी बेरीज करते.
सव्वीस वर्षं करते आहे,
स्नेहलतागंजच्या या इस्पितळात,
आधी लाल कापडाच्या लेजरात, आता पडद्यावर:
इतके भरती, इतक्या सोनोग्राफ्या, इतके मोतीबिंदू,
इतके पाय.

पाय म्हणजे साखरेचे.
काळे पडलेले. गुडघ्याखाली, घोट्यावर,
कधी नुसता अंगठा.
प्रत्येकाला एक कोड, कोडापुढे रक्कम.
बेरीज फुगली की वरच्या मजल्यावरून पेढे येत.
मीही खाल्लेत. खोटं कशाला बोलू?

एप्रिलात डॉक्टर रेगे माझ्या खोलीत आल्या,
पंख्याखाली उभ्या राहून म्हणाल्या,
"दिघेताई, यंदापासून हिशेब उलटा.
किती केलं, हे कुणी विचारणार नाही.
माणसाचं पुढे काय झालं, ते विचारतील.
पैसे त्याचेच."
मी चष्मा पुसला.
"उलटा म्हणजे उजवीकडून लिहू?"
त्या हसल्या नाहीत.

मग नवे रकाने आले.
जखम भरली का. कामावर गेला का.
तीस दिवसांत परत आणावा लागला का.
बिलिंगचा अश्फाक कपाळाला हात लावून बसला:
"ताई, आरसा कोणत्या कोडात टाकू?"
हातात मावेल एवढा आरसा,
रोज रात्री स्वतःचा तळवा बघायला.
बघेल सिस्टर पिशवीभर आरसे घेऊन सियागंजात हिंडते,
हमालांना पोत्यांवर बसवते, चपला काढायला लावते.
आपला तळवा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.
एक जण म्हणे लाजला, जणू कुणा परक्याचा चेहरा दिसला.

तो गेंदालाल बौरासी.
जिऱ्याची पोती वाहणारा. तळव्यावर रुपयाएवढं भोक,
दुखत नाही म्हणून बरं चाललंय असं समजणारा.
जुन्या हिशेबात तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
टेबलावर असता,
चार दिवस खाट, दोन बाटल्या रक्त,
आणि माझ्या बेरजेत एक.
नव्या हिशेबात सात आठवडे ड्रेसिंग,
अर्धा नंबर मोठे बूट,
आणि सुनेला शिकवलेली साखर मोजायची सुई.

सगळं गोड झालं असं मात्र नाही.
अकरा खाटा रिकाम्या राहू लागल्या,
वॉर्डबॉय मांगीलालचा ओव्हरटाइम गेला,
माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही.
आणि वरच्या मजल्यानं नवी युक्तीही काढली:
"ज्यांचं बरं व्हायचंच नाही, ते घ्यायचेच कशाला?
आपला आकडा बिघडतो."
म्हणजे लोभ तोच, फक्त त्यानं कपडे बदलले.
त्या दिवशी देपालपूरची केसरबाई दारात होती,
दोन्ही पाय गेल्यात जमा, किडन्या अर्ध्या.
डॉक्टर रेग्यांनी तिची फाइल माझ्यासमोर ठेवली.
बोलल्या काहीच नाहीत.
मी तिचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं,
ठळक अक्षरात. बिघडू दे.

आज तीस तारीख.
कापलेले: तीन.
मागच्या वर्षी याच महिन्यात चौदा.
मधले अकरा कुठे लिहू?
मशीनला झालेलं कळतं.
न झालेल्याला कोड नाही,
न कापलेल्या पायाची पावती फाटत नाही.
तो कुठेतरी चपलेत असतो, एवढंच.

फॉर्म पुरा करायचा म्हणून फोन लावला.
गेंदालालच्या मागे बाजाराचा गलका,
कुणीतरी ओरडतंय, "बाजू हटो, बाजू हटो!"
मी विचारलं, चालता येतं का? जिना चढता येतो?
तो धापा टाकत म्हणाला,
"बाईजी, बाद में करना, अभी माल लेके ऊपर जा रहा हूँ,"
आणि फोन खिशात टाकला. बंद करायला विसरला.
मी ऐकत बसले.
पायरी. पायरी. थांबला. पायरी.

शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मुलाखत अपुरी.
रोगी जिना चढत होता.